डीबीएसबरोबर राहताना: एका निवृत्त यंत्रचालकाची टिपणं

मला पार्किन्सन्स आहे, म्हणजे थरथर, ताठरपणा आणि मंद हालचालीचा आजार. त्यावर माझं डीबीएस झालंय: डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत तार घालून छातीवरच्या बॅटरीने सतत करंट देणं. लोक फोन करतात आणि ऑपरेशनबद्दल विचारतात. डोक्याला भोक कसं पाडतात, शुद्धीत ठेवतात का, दुखतं का. याची उत्तरं सर्जन माझ्यापेक्षा चांगली देतील. ऑपरेशन एका दिवसात उरकतं. त्यानंतर ती तार, ती बॅटरी आणि तो रिमोट घेऊन वर्षानुवर्षं संसार करायचा असतो. त्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी तासगावचा. नोकरी महावितरणमध्ये, ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून. दर तासाला मीटर बघायचे, लॉगशीटवर रीडिंग लिहायचं, फीडर ट्रिप झाला तर आधी कारण शोधायचं आणि मगच चालू करायचा. उजव्या हाताची थरथर नोकरीतच सुरू झाली होती. पुढे गोळ्यांचा असर दोन-अडीच तासांवर आला, मध्येच अंग आपोआप हलायला लागलं, तेव्हा डीबीएस करायचं ठरलं. माझी पहिली बॅटरी बदलून झाली आहे, म्हणजे मी आता जुन्या गिऱ्हाइकात मोडतो. डॉक्टर नाही. खालचं सगळं आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच करा.

यंत्र काय करतं आणि काय करत नाही

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा भाग असतो. डोपामिन, म्हणजे हालचाल सांभाळणारं मेंदूतलं रसायन, कमी पडलं की तो बेताल वागू लागतो. तिथे एकेक बारीक तार सोडतात. तारेच्या टोकाला चार किंवा नव्या यंत्रात आठ संपर्कबिंदू. कानामागून, मानेच्या कातडीखालून वायर खाली येते आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या डबीला जोडली जाते. डबीत बॅटरी आणि सर्किट. माझ्या यंत्राची वारंवारिता सेकंदाला १३० ठोके, एकेका ठोक्याची रुंदी ६० मायक्रोसेकंद. आपल्या घरातला करंट ५० हर्ट्झचा. डाव्या बाजूची तार उजवं अंग सांभाळते, उजवी डावं. काही जणांना तार दुसऱ्या एका भागात, ग्लोबस पॅलिडसमध्ये घालतात. त्यांच्या गोळ्या सहसा आमच्याइतक्या कमी होत नाहीत, तेव्हा एकमेकांच्या गोळ्यांची तुलना करू नका.

पूर्वी थरथर थांबवायला मेंदूतला तो बिंदू जाळत असत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे करंट देऊन तपासत. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे सर्जन आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये जाळण्याऐवजी तारच तिथे ठेवून सतत करंट देण्याचा मार्ग काढला. १९९३ पासून सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्येही तार घालू लागले. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की जाळलेलं परत येत नाही, करंट मात्र कमी-जास्त करता येतो. या उपचाराची ताकद त्यातच आहे आणि कटकटही त्यातच.

आता अपेक्षा. सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी, तिचं अंगात डोपामिन होतं) घेतल्यावर दिवसातला तुमचा जो सगळ्यात चांगला तास असतो, तो डीबीएसमुळे दिवसभर पसरतो. त्याहून चांगला तास सहसा मिळत नाही. अपवाद थरथरीचा, गोळीला न जुमानणारी थरथरही यंत्राने थांबू शकते. पण गोळी चांगली चढलेली असतानाही ज्याचा तोल जातो, पाय जमिनीला चिकटतात, आवाज बसलेला राहतो, विसरायला होतं, त्याला यंत्र तिथे उपयोगी पडेल असं धरून चालू नये. बोलणं तर थोडं बिघडूही शकतं. म्हणूनच ऑपरेशनआधी रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी तपासतात, मग डोस देऊन पुन्हा तपासतात. गुणांकनात साधारण ३० टक्के तरी सुधारणा दिसावी लागते. ज्या ठिकाणी ही चाचणी न करताच ऑपरेशनची तारीख देतात, तिथून मी तरी चपला घालून निघालो असतो.

पहिले काही आठवडे

ऑपरेशन झाल्यावर, यंत्र चालू करण्याआधीच, हात-पाय मोकळे वाटतात. तार घुसताना तिथल्या पेशींना जो धक्का बसतो त्याचा हा परिणाम, आणि तो काही दिवसांत ओसरतो. नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आधी पेढे वाटतात आणि पंधरा दिवसांनी तोंडं पाडून बसतात. यंत्र बहुधा दोन ते चार आठवड्यांनी चालू करतात. तोपर्यंत गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच.

टाके कोरडे ठेवा. डबीच्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊन माळ्यावरचा डबा काढणं, पाण्याची घागर उचलणं, हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. डबी कातडीखाली हाताला लागते, तिथे सारखं चाचपत बसायची सवय लावून घेऊ नका. डबी आत फिरते आणि वायर पिळली जाते, असे प्रकार झालेले आहेत. कानामागे आणि टाळूवर उंचवटे राहतात. त्यावर हेल्मेट, चष्म्याची काडी किंवा लग्नातला घट्ट फेटा घासू देऊ नका. मी लग्नाला आता गांधी टोपी घालून जातो.

लाली, सूज, ओल, गरमपणा यांतलं काहीही टाक्यांवर किंवा डबीवर दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. गावातल्या डॉक्टरांकडून मलम घेऊन आठवडा काढू नका. जंतुसंसर्ग वायरीवरून वर सरकला तर सगळं यंत्र काढावं लागू शकतं.

प्रोग्रॅमिंग

प्रोग्रॅमिंग म्हणजे दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून यंत्राचं सेटिंग आपल्या लक्षणांप्रमाणे लावून घेणं. खरी गोष्ट इथे आहे. चांगलं ऑपरेशन झालेला माणूस वाईट सेटिंगवर बसलेला असू शकतो आणि त्याला वाटतं डीबीएस फसलं.

जायच्या आधी विचारून घ्या की सकाळची गोळी घ्यायची की नाही. बहुतेक वेळा रात्रीपासून बंद ठेवायला सांगतात, म्हणजे मूळ लक्षणं दिसतात. गोळ्या, पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी मात्र बरोबर असू द्या, कारण काम संपलं की गोळी घेऊनच परतायचं असतं. समोर बटणं असलेला शर्ट घाला. घरातलं एक माणूस बरोबर पाहिजेच. मी आत बसून "बरं आहे" म्हणतो आणि आमची ही शेजारून सांगते की काल रात्री कूस बदलता येत नव्हती.

डॉक्टर करंट थोडाथोडा वाढवत जातात. हाताला किंवा तोंडाला मुंग्या आल्या आणि पाच-दहा सेकंदांत गेल्या तर ठीक. त्या राहिल्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसायला लागले, तर लगेच सांगा. सहन करून दाखवायची ही जागा नव्हे. डॉक्टरांना त्यावरूनच कळतं की करंट शेजारच्या कोणत्या भागात सांडतोय.

कशाला किती वेळ लागतो हे माहीत असावं. ताठरपणा आणि थरथर सेकंद-मिनिटांत बदलते. हालचालीचा मंदपणा कमी व्हायला तास लागू शकतात. चाल आणि पायाला येणारे पिळे कधीकधी दिवस घेतात. त्यामुळे घरी पोचल्यावर दुसऱ्या सकाळी "काही फरक नाही" असा फोन करण्यात अर्थ नसतो. पहिले काही महिने अशा फेऱ्या होतातच. दरवेळी एकच गोष्ट बदलावी, सेटिंग किंवा गोळी. दोन्ही एकदम बदललं की बरं कशाने वाटलं आणि बिघडलं कशाने, हे कोणालाच सांगता येत नाही.

जाताना तक्रारींची यादी नेऊ नका. एकच ठरवून न्या. "मला संध्याकाळी पाच ते सात चालता येत नाही" या वाक्यावर डॉक्टर काम करू शकतात. "एकंदरीत बरं नाही" यावर काय करणार? काहींना १३० ऐवजी ६० च्या वारंवारितेला चाल सुधारते, काहींना करंट किंचित कमी केला की बोलणं स्पष्ट होतं पण थरथर डोकं वर काढते. तेव्हा तुम्हाला काय जास्त हवंय हे सांगावं लागतं. मी बोलणं मागून घेतलं. हात थोडा हलतो, हलू दे.

निघताना सेटिंगचा कागद मागा आणि त्याचा फोटो काढा. कोणते संपर्कबिंदू, दोन्ही बाजूंना किती मिलिअँपियर, रुंदी, वारंवारिता. हा कागद तुमचा आहे. मुलाकडे बेंगळुरूला गेलात आणि तिथे काही बिघडलं, तर नव्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

लॉगशीट

नोकरीतली सवय इथे कामाला आली. शाळेच्या दोनशे पानी वहीत रेघा मारल्या: वेळ, गोळी, खाणं, हात, चाल, बोलणं, शेरा. रोज लिहायची गरज नाही. प्रोग्रॅमिंगच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचा एक आठवडा पुरे. "ऑन" म्हणजे मोकळं, "ऑफ" म्हणजे जखडलेलं, आणि अंग आपोआप हलत असेल तर आमच्या घरातला शब्द "नाच". नोंद अशी दिसते:

सकाळी ६ — ऑफ, उजवा पाय जड.
६.१५ — सिंडोपा अर्धी, पाण्याबरोबर.
७ — ऑन. चहा स्वतः केला.
७.३० — थोडा नाच, खांद्याला. दहा मिनिटं.
११ — ऑन, पण आवाज बारीक.

बस. निबंध नको. "थोडा नाच" गोळीनंतर सव्वा तासाने येतोय की दिवसभर आहे, यावरून गोळी कमी करायची की करंट, हे ठरतं. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. असं पान पुढे ठेवलं की ते आधी वही वाचतात आणि मग माझ्याकडे बघतात.

बॅटरी आणि रिमोट

डबी दोन प्रकारची. न चार्ज होणारी साधारण ३ ते ५ वर्षं जाते; करंट जास्त असेल तर लवकर संपते. चार्ज होणारी मॉडेलप्रमाणे ९ ते १५ वर्षं किंवा जास्त, पण तिला आठवड्यातून एक-दोनदा किंवा रोज थोडं चार्ज करावं लागतं. कातडीवरूनच, पट्टा बांधून. कोणती घ्यावी? नवऱ्या-बायकोपैकी दोघंही सत्तरीत, घरात तिसरं कोणी नाही, रिमोट हाताळायची भीती, अशा घरी मी न चार्ज होणारी सुचवतो, जरी ती बदलण्याचा खर्च पुन्हा येतो. चार्जिंगची असेल तर वेळ ठरवून टाका. वीज जाणाऱ्या गावात "उद्या करू" चालत नाही, हे मी नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो. चार्ज करताना डबी कोमट लागते. चटका बसत असेल तर थांबा.

रिमोटवर आठवड्यातून एकदा दोनच गोष्टी बघायच्या: यंत्र चालू आहे का, बॅटरी किती आहे. वार ठरवून घ्या, आमचा सोमवार. रिमोटचे स्वतःचे सेल वेगळे, ते जादा ठेवा. डॉक्टरांनी करंट कमी-जास्त करायची मुभा दिली असेल तर ती ठरावीक मर्यादेतच असते. दर तासाला चाळा करू नका.

बॅटरी बदलायची सूचना आली की तारीख घ्या. पूर्ण संपेपर्यंत थांबायचं नाही. वर्षानुवर्षं यंत्रावर असलेल्या माणसाचं यंत्र अचानक बंद पडलं तर जुनी लक्षणं दामदुपटीने येतात, गोळ्या पुरत नाहीत. ताप, कमालीचा ताठरपणा, भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. म्हणून ऑपरेशनच्या आधीचा गोळ्यांचा जुना तक्ता फेकू नका. यंत्र बंद पडलं तर डॉक्टर त्यावरून डोस ठरवतात.

बॅटरी बदलणं हे छोटं ऑपरेशन, फक्त छातीवरचं, पण बिल छोटं नसतं. पहिलं ऑपरेशन झालं त्याच वर्षी तिच्यासाठी वेगळी ठेव सुरू करावी. विमा नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना आरोग्य विम्यात जागा द्यायला सांगितलं त्यांत डीबीएसचं नाव आहे, पण बऱ्याच कंपन्या रकमेला वरची मर्यादा घालतात. पॉलिसीत ती ओळ शोधून वाचा. अपंग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, तेव्हा प्रमाणपत्राचा अर्ज करून ठेवा. आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर या आजाराच्या खर्चाची वजावट असते, त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टचा दाखला लागतो.

कागदांचंच चाललंय तर आणखी एक. माणूस गेल्यावर अग्नी देण्याआधी ही डबी काढून घ्यावी लागते, नाहीतर ती भट्टीत किंवा चितेवर फुटू शकते. हे मी मुलाला सांगितलं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलंही. ही दोन दिवस बोलली नाही. तरी लिहिलं, कारण त्या दिवशी हे कोणाला सुचणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना

सगळ्यात मोठा धोका मेंदूच्या डॉक्टरकडे नसतो, तो गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपीत असतो. खांदा दुखतो म्हणून जाता आणि ते शेकायचं मशीन लावतात. शॉर्टवेव्ह डायथर्मी, मायक्रोवेव्ह डायथर्मी, आणि दुखऱ्या जागी फिरवतात ते उपचाराचं अल्ट्रासाउंड, ही तिन्ही डीबीएसवाल्याला कायमची वर्ज्य. अंगाच्या कोणत्याही भागावर, यंत्र बंद करूनसुद्धा. ती ऊर्जा तारेतून वर जाते, टोकाशी मेंदूची ऊती भाजते, आणि माणूस दगावू शकतो. टेन्स किंवा आयएफटी, म्हणजे दुखऱ्या जागी करंट देणारी मशीनं, तीही विचारल्याशिवाय नको. गरम पाण्याची पिशवी चालते, फक्त डबीवर ठेवू नका. व्यायाम तर हवाच. पोटाची सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी स्कॅन यांची भीती नाही, सांगून करा म्हणजे झालं.

एमआरआय आधी विचारल्याशिवाय अजिबात नाही. काही यंत्रांना ठरावीक अटींवर चालतो: कोणत्या ताकदीचा स्कॅनर, यंत्र कोणत्या अवस्थेत ठेवायचं, तारांची तपासणी आधी झाली का. ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्याकडून लेखी आणा. ईसीजीच्या कागदावर यंत्राची खरखर उमटते, त्यामुळे तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागू शकतं. बंद केलं की आडवं पडूनच राहा आणि चालू झाल्याची खात्री करूनच उठा.

मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, कसलंही ऑपरेशन असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना सांगा. रक्तस्राव थांबवायला विजेची सुरी वापरतात. शक्य तिथे ती बायपोलर (करंट तिच्या दोन टोकांतच राहतो अशी) असावी, आणि यंत्र बंद करून घेण्याबद्दल आधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलणं व्हावं. दातांच्या डॉक्टरांना सांगा की ड्रिल आणि दात साफ करायचं मशीन डबीपासून १५ सेंटीमीटर तरी लांब राहू दे.

औषधांतलं सापळ्यासारखं प्रकरण म्हणजे उलटी आणि चक्कर. पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल ही दोन नावं पाठ करा. दोन्ही डोपामिनचं काम अडवतात आणि पार्किन्सन्स बिघडवतात. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता उलटी होणाऱ्या माणसाला नर्स सवयीने इंजेक्शन भरते. त्या वेळी घरच्यांनी बोलायला पाहिजे. हिच्या पर्समध्ये त्यासाठी चिठ्ठीच आहे. तसंच कवचबीज. खाजकुहिलीच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतो, म्हणूनच ते चूर्ण गुपचूप वर घेऊ नये. गोळीचा डोस मोजून ठरवलेला आणि त्यावर न मोजलेला दुसरा.

गोळ्या बहुतेकांच्या कमी होतात, संपत नाहीत. वेळा सांभाळा. जेवणाआधी अर्धा तास घ्या, कारण डाळ, अंडी, दूध, मटण यांतली प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत येतात. माझं मटण रात्रीच्या जेवणात असतं.

घर, रस्ता, देऊळ, विहीर

घरात फार बाऊ नको. मिक्सर, टीव्ही, फ्रिज, गॅस यांनी काही होत नाही. इंडक्शन शेगडी चालू असताना तिच्यावर छाती टेकेल इतकं वाकू नका. मोबाइल डबीच्या बाजूच्या खिशात ठेवू नका, त्यातही चुंबक असतो. वेल्डिंग, मोठी मोटर, उच्च दाबाचं उपकेंद्र यांपासून लांब. म्हणजे मी जिथे आयुष्य काढलं त्या यार्डात मला आता जाता येत नाही. जुने सहकारी कुंपणाबाहेर येऊन चहा पाजतात. आमच्या रथोत्सवात आणि मिरवणुकांत डॉल्बीच्या भिंती असतात. त्या स्पीकरांत केवढे चुंबक असतात हे वेगळं सांगायला नको. कानासाठीही लांबच बरं.

मॉल, मेट्रो, मोठी देवळं, विमानतळ, सगळीकडे धातुशोधक चौकट. यंत्राचं ओळखपत्र आधीच हातात धरा आणि हाताने तपासा म्हणून सांगा. चौकटीतून जावंच लागलं तर मधोमध, न थांबता, आणि हातातलं यंत्र डबीवर धरू देऊ नका. पुढे आल्यावर रिमोटने यंत्र चालू आहे ना ते बघा. ओळखपत्राबरोबर माझ्या पाकिटात एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी असते: "माझ्या मेंदूत डीबीएस आहे. एमआरआय, डायथर्मी करू नये. पेरिनॉर्म, स्टेमेटिल देऊ नये. गोळ्यांच्या वेळा…" आणि दोन फोन नंबर.

पोहणं. आमच्याकडच्या प्रत्येकाने विहिरीत उड्या मारलेल्या असतात आणि पोहणं कधी विसरत नाही असं आपण मानतो. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये अशा ९ रुग्णांची नोंद छापली, जे चांगले पोहत होते आणि डीबीएसनंतर पाण्यात उतरल्यावर त्यांना हात-पाय एकत्र चालवता येईनात. बाकी हालचाली त्यांच्या सुधारल्या होत्या. सगळ्यांचं असं होत नाही. पण विहीर, नदी, समुद्र एकट्याने नाही. आधी कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी पोहणारा माणूस घेऊन बघा.

पडण्याचं कारणही असंच फसवं आहे. पाय मोकळे झाले की माणूस भराभर उठतो, पण तोल जुनाच असतो. वळताना एका पायावर गिरकी घेऊ नका, चार पावलं टाकत वळा. संडास-बाथरूममध्ये दांडे बसवा. ऑपरेशन झालं म्हणून काठी लगेच अडगळीत टाकू नका.

माणूस बदलतो का

हे घरच्यांसाठी. पहिल्या वर्षात मन सांभाळावं लागतं. गोळ्या झपाट्याने कमी केल्या की काही जण गप्प होतात, कशातच रस राहत नाही, अंगात बळ असून खुर्चीतून उठत नाहीत. त्याला आळस म्हणू नका. उलट कोणी रात्रभर जागून खरेदी करतो, पत्ते-लॉटरीत पैसे घालवतो, चिडतो. दोन्ही गोष्टी सेटिंगमुळे किंवा गोळ्यांमुळे होऊ शकतात आणि दुरुस्त होऊ शकतात, पण डॉक्टरांना सांगितल्या तरच. जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन. रुग्णाला स्वतःतला बदल दिसत नाही, म्हणून लॉगशीटमध्ये एक रकाना घरच्या माणसाचा ठेवा. हिने एकदा त्यात लिहिलं होतं, "आज विनाकारण तीनदा ओरडले." मी वाचलं, खोडलं नाही.

वजन वाढतं. थरथर आणि नाच थांबल्यावर अंगाची खर्च होणारी ताकद वाचते, भूकही बरी होते. तुपाचा हात आखडता घ्या.

आवाजासाठी रोज मोठ्याने वाचा. मनात नाही, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असं. मी वर्तमानपत्रातले बेदाण्याचे भाव वाचतो आणि ही आतून विचारते, "कितीला गेला म्हणालात?" तिला पहिल्यांदाच ऐकू आलं तर पास. स्पीच थेरपिस्ट मिळत असेल तर सोडू नका. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पीडीएमडीएस ही संस्था यांच्याशी जोडून घ्या. तिथे भेटणारी माणसं एकमेकांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाहीत.

अचानक बिघडलं तर

घाबरून सेटिंगला हात लावायच्या आधी क्रमाने बघा. गोळी चुकली का, किंवा नवीन औषध सुरू झालं का? ताप, लघवीची जळजळ, चार दिवसांचं बद्धकोष्ठ आहे का? यांतल्या कशानेही पार्किन्सन्स भडकतो आणि दोष यंत्रावर जातो. मग रिमोट: यंत्र चालू आहे का, बॅटरी आहे का? बंद दिसलं तर चालू करा. कुठल्या चौकटीतून, कुठल्या मशीनजवळून गेलात का ते आठवा. पडलात का, मानेला-छातीला मार बसला का? वायर तुटली असेल तर एक्स-रे आणि दवाखान्यातल्या यंत्रावरची तपासणी लागते. मान वळवताना झटके बसत असतील तर यंत्र बंद करायचं का हे फोनवर विचारा आणि तपासून घ्या.

ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलण्यात भ्रम हे एकत्र आलं, किंवा एका बाजूचा हात-पाय गेला, फिट आली, तर यादी बाजूला ठेवून सरळ मोठ्या दवाखान्यात. बरोबर रिमोट, चार्जर, सेटिंगचा कागद, गोळ्यांचा जुना आणि नवा तक्ता, आणि गोळ्यांच्या पट्ट्या. शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण रात्री सगळ्या दवाखान्यांच्या औषध दुकानात सिंडोपा मिळतेच असं नाही.